कुंकवाखालचा आकडा

जळकोटच्या बाजारात माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे आणि मी बोलका माणूस आहे, हे तालुक्यात कुणीही सांगेल. गिऱ्हाईक बॅटरी न्यायला येतं आणि अर्धा तास भाषण ऐकून जातं. पाणी कधी घालायचं, वायर किती जाड घ्यायची, इन्व्हर्टर देवघराच्या फळीवर का ठेवायचा नाही, सगळं. माझी बायको मनिषा म्हणते, तुमची बॅटरी काही उतरत नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, तशा माझ्या बॅटऱ्या विकतात. असा हा मी एकदाच गप्प बसलो, आणि नेमकं तिथंच बोलायला पाहिजे होतं.

व्यंकटी भोई माझा शाळेपासूनचा सोबती. तळ्याच्या पलीकडं माळेवाडीत राहतो, मासे धरतो. त्याच्या बायकोची, नागुवहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी उदगीरला डायलिसिस, चार तास मशीनवर. एक वार चुकला की पाय सुजतात. दोन चुकले की आडवं पडलं तरी श्वास पुरत नाही. तीन चुकले तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मागच्या भादव्यात पुरानं माळेवाडीचा पूल नेला. वळसा घालून एकतीस किलोमीटरचा रस्ता उरला, तोही मध्ये ओढ्यात उतरून. जीप तिथं रुतते आणि मोटारसायकलवर बसण्याइतकी ताकद वहिनींत राहिली नव्हती. उरलं ते तळं. चार किलोमीटर पाणी होडीनं ओलांडायचं आणि अलीकडच्या काठावरून जीप धरायची. इंजिनाच्या धुरानं वहिनींना उलट्या होत, म्हणून मी नांदेडच्या एका बंद पडलेल्या बोट क्लबातून बॅटरीवर चालणारी मोटार शोधून आणली. दांड्याला लहान पंखा, पाण्यात सोडायचा आणि दांडा धरून दिशा द्यायची. आवाज घरातल्या मिक्सरपेक्षा कमी.

मोटार चांगली होती, बॅटरी नव्हती. सुरुवातीला मी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी लावून दिली. साठ किलोचं धूड. होडी एका अंगाला कलायची, आणि तळ्याच्या मध्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा वर आलाय तिथवर गेलं की मोटारीचा आवाज बसायला लागायचा. पण व्यंकटीचा कान भारी. आवाज जरासा जाड झाला की तो म्हणायचा, दमली. मग वेग कमी करायचा, तिला सांभाळत न्यायचं, उरलेलं अंतर वल्ह्यानं काढायचं. मी त्याला चिडवायचो की तू बॅटरीला बैल समजतोस का. तो हसायचा. पण दोनदा उदगीरला तासभर उशीर झाला आणि दोन्ही वेळा वहिनींना चाराऐवजी अडीच तासच मशीन मिळालं. दुसऱ्या खेपेनंतर व्यंकटी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला की आता काही तरी कर, ती रातभर बसून श्वास घेऊन राहिलीय.

लिथियमची बॅटरी घ्यायची, हे मी ठरवलं. कुठली घ्यायची, हेही मीच ठरवणार होतो, कारण या तालुक्यात हे कळणारा दुसरा कोण आहे, असा माझा तोरा. आधी व्यंकटीला घेऊन नांदेडला गेलो. तिथल्या एका कारखानदारानं टेबलावर चकचकीत डबा ठेवला. मी उचलून हलवला तर आत काही तरी खुळखुळलं. झाकण काढ म्हटलं. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, माणूस पाण्यावर जाणार आहे, काढ. आत जुन्या रिक्षांतून काढलेले सेल होते, वेगवेगळ्या रंगांचे, एकमेकांना कसेबसे चिकटवलेले. त्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. व्यंकटीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी लातूर. तिथं दोन जाती समोर आल्या. एक मोबाईलमध्ये असते तसली, अगदी हलकी, पण फार तापली तर पेट घेणारी. रस्त्यावर पेटली तर माणूस बाजूला उडी मारतो, होडीतून वहिनी कुठं उडी मारणार? ती नको म्हटलं. दुसरी फॉस्फेटची, जराशी जड, स्वभावानं थंड. बारा किलो, एका हातात उचलून घरी चार्जिंगला नेता येईल अशी. पाणी घालायची भानगड नाही. शंभर अँपिअरची, म्हणजे वारा अंगावर असला तरी जाऊन-येऊन पुरून उरेल. आत एक छोटी पट्टी असते, बॅटरी संपली की ती आपोआप लाईन तोडते, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. आणि वरच्या बाजूला आगपेटीएवढी काच, तिच्यावर आकडा. शंभर म्हणजे भरलेली, शून्य म्हणजे संपली. दुकानदार म्हणाला, शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखी ताकद. मला ते वाक्य इतकं आवडलं की जळकोटला येईपर्यंत मी ते व्यंकटीला तीनदा ऐकवलं. ही दमत नाही, म्हटलं. तुझा कान आता मासे ऐकायला वापर.

पैसे त्यानं कसे उभे केले ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी बॅटरी बसवायला मी त्याच्याबरोबर होडीतून माळेवाडीला गेलो. मला पोहता येत नाही, त्यामुळं जाताना माझं तोंड जरा कमी चाललं. काठावर नागुवहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. सुजलेल्या पायांत चप्पल मावत नव्हती म्हणून अनवाणी. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. गाडी असो, पिठाची गिरणी असो. त्या खाली बसल्या, बॅटरी चहूबाजूंनी बघितली, आणि हिचं तोंड कुठलं, असं व्यंकटीला विचारलं. त्यानं काचेकडं बोट दाखवलं. वहिनींनी तेलात कुंकू कालवलं आणि अनामिकेनं त्या काचेवर स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत, काचभर.

मी बघत होतो. मला ठाऊक होतं की ती काच म्हणजे या बॅटरीचं एकुलतं एक तोंड आहे. ती दमत नाही, तिचा आवाज बसत नाही, तिला जे सांगायचं ते त्या काचेवरच सांगते. व्यंकटीला आकड्याचं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. एवढं वाक्य बोलायचं होतं. वहिनी, कुंकू जरा बाजूला लावा. झालं.

पण मी बोललो नाही, आणि का नाही तेही सांगतो. आम्ही बौद्ध. आमच्या घरी यंत्राची पूजा नसते. सहा-सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या इन्व्हर्टरवर लिंबू-मिरची टांगलेली बघून मी थट्टा केली होती. त्याचं गावभर झालं, आमच्या देवाला नावं ठेवतो म्हणून. दोन महिने दुकानात कुत्रं फिरकलं नाही. तेव्हापासून मी स्वतःला नियम घातला होता की बॅटरीबद्दल वाट्टेल ते बोलायचं, पूजेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पुढं सवडीनं व्यंकटीला एकट्याला सांगू, असं मनाशी म्हटलं आणि प्रसादाचं खोबरं खाल्लं. व्यंकटीनं बॅटरीला पाणी लागू नये म्हणून खताच्या पिशवीतलं प्लास्टिक गुंडाळलं. वहिनींना आडवं होता यावं म्हणून वल्ही काढून घरी ठेवू का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, चुलीत घाल ती वल्ही.

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. वहिनी वेळेवर पोचायच्या, चार तास पूर्ण मिळायचे. चेहऱ्यावरची सूज उतरली. एका गुरुवारी त्यांनी माझ्यासाठी पिशवीत कोरडे मासे पाठवले. सवडीनं सांगायचं ते मी विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही. दोनदा आठवलं, आणि चाललंय ना, म्हणून सोडून दिलं.

मग एका सोमवारी उदगीरच्या केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं. सगळ्यांना परत पाठवलं, आता गुरुवारी या. म्हणजे आठवडाभराची खोट. आणि त्याच रात्री माळेवाडीची लाईट गेली ती गुरुवारी पहाटे परत आली. व्यंकटीनं बॅटरी तासभर चार्जिंगला लावली, होडीत आणून ठेवली, मोटार सुरू केली आणि कान दिला. आवाज भरलेला होता. जुन्या बॅटरीत अर्धवट भरलेलं पहिल्या मिनिटाला कळायचं. हिचा आवाज शंभरावर जसा तसाच विसावर. त्यानं नंतर मला सांगितलं की त्याला वाटलं, नवी वस्तू, तासात भरली असंल. आवाज ऐकू येतोय, मग हातच्या काकणाला आरसा कशाला?

आठ वाजून दहा मिनिटांनी दुकानात त्याचा फोन आला.

"इनोद, बंद पडली," तो म्हणाला. "दमली बी न्हाई. एकदम मुकी झाली."

कुठं आहेस विचारलं. बाभळीच्या थोडं पुढं. वारा कुठला? समोरून. वहिनी? फोनमध्ये मला त्यांचा श्वास ऐकू आला, ओला, तुटक. तोंडातून निघून गेलं, आकडा किती दाखवत होती?

"कसला आकडा?" तो म्हणाला.

आणि मी, बोलका माणूस, म्हणालो, "काही न्हाई. थांब, येतो."

दुकान उघडं टाकून मोटारसायकल काठावर आणली. काठावर होडी नव्हती. बजरंग म्हणून एक मासेमार थर्मोकोलच्या तराफ्यावर जाळं सोडत होता, त्याला हाका मारमारून बोलावलं, दोर दिला आणि पाठवलं. मी काठावर उभा. लांब पाण्यावर काळा ठिपका, वाऱ्यानं उलट बाजूला चाललेला. व्यंकटी होडीची बसायची फळी उखडून तिनं पाणी ओढत होता, हे मला नंतर कळलं. एवढ्या लांबून मला त्याचे हात दिसत नव्हते, फक्त होडी जागच्या जागी डुलताना दिसायची. मी काठावर इकडून तिकडं फिरत राहिलो. आयुष्यात मी इतका निकामी कधीच झालो नव्हतो. पोहता येत नाही, वल्हवता येत नाही, आणि जे येत होतं ते वेळेवर केलं नाही.

साडेअकराला ते काठाला लागले. व्यंकटीच्या तळहातांची सालटं निघाली होती. वहिनींचे ओठ निळसर पडलेले. उदगीरला त्यांचा नंबर केव्हाच गेला होता. संध्याकाळी कुणी तरी आलं नाही, त्या खुर्चीवर त्यांना दोन तास मिळाले. त्या जगल्या. मी सगळ्यांना सांगितलं, लाईटनं घात केला. ते खोटं नव्हतं. अर्धंच खरं होतं.

खरी आफत सोमवारी आली. वहिनी होडीत बसेनात. व्यंकटीनं फोनवर सांगितलं की ती म्हणते, मी माझ्या हातानं कुंकू लावलं, नारळ वाढवला, तरी मधोमध सोडलं. पाण्याला मी नको हाय. आता घरीच मरू द्या. सोमवार गेला. मंगळवारी पाय मांड्यांपर्यंत सुजले. बुधवारी दुपारी फोन आला तेव्हा व्यंकटी रडत होता. तो माणूस रडताना मी कधी ऐकलेला नव्हता.

मी वळशाच्या रस्त्यानं निघालो. ओढ्यात गाडी ढकलली, पँट मांडीपर्यंत भिजली. वाटभर एकच हिशेब मनात. खरं सांगितलं तर त्याचा अर्थ होतो की तुमच्या कुंकवानं आकडा झाकला, तुमच्याच हातानं घात झाला. मरायला टेकलेल्या बाईला हे कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर पाण्यानंच नाकारलं असं मानून ती घरात मरणार. तिसरी वाट नव्हती. आणि ही कोंडी मीच घातलेली होती, तेही एक वाक्य वाचवून.

वहिनी ओसरीत पोत्यांना टेकून बसलेल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. बॅटरी कोपऱ्यात होती, चार्जिंगची वायर सकाळीच लावलेली. मी ती उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवली, प्लास्टिक काढलं. कुंकू तेलात वाळून चामड्यासारखं झालं होतं. अनामिकेची रेघ अजून त्यात दिसत होती.

मी सांगितलं. की ही बॅटरी दमत नाही, एकदम थांबते. की थांबायच्या आधी ती सांगते, पण आवाजानं नाही. की सांगायची जागा ही काच आहे, आणि त्या गुरुवारी ती काच विसाच्या आसपासचा आकडा दाखवत असणार, घराच्या काठावर असतानाच. की मला हे पूजेच्या दिवशी ठाऊक होतं. व्यंकटी माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या हातांना अजून चिंध्या बांधलेल्या होत्या. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

वहिनींनी श्वास गोळा केला. मग म्हणाल्या, "म्हंजी पाण्यानं न्हाई सोडलं?"

"न्हाई, वहिनी. मी सोडलं."

"मंग त्या दिशी कामून बोललाव न्हाई?"

"तुमची पूजा होती. मी मध्ये कसं बोलू?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. रागानं नाही. मूर्ख पोराकडं बघतात तसं.

"पूजा माझी व्हती, भाऊ," त्या म्हणाल्या. "जीव बी माझाच हाय न्हवं?"

व्यंकटीच्या तोंडून शिवी आली, माझ्या नावानं, आणि ती मी घेतली. वहिनींनी हातानंच त्याला थांबवलं. मग पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि काच पुसायला लागल्या. दोनदा हात थांबला, पण व्यंकटीला त्यांनी पुसू दिलं नाही. तांबडा राप निघाला आणि खालून हिरवा आकडा आला. एकाहत्तर.

त्यांनी विचारलं, पुरतंय का? मी सांगितलं, जायला तीस लागतील, वारा असला तर चाळीस. उदगीरच्या केंद्राला फोन लावला. ते म्हणाले, उद्याची वाट बघू नका, आत्ता घेऊन या, जीव असेस्तोवर आणा. हे शेवटचं वाक्य मी वहिनींना सांगितलं नाही. मग वाटलं, पुन्हा तेच करतोय, आणि सांगितलं. त्यांनी मान हलवली. करंडा मागवला, बोटावर कुंकू घेतलं आणि होडीजवळ पोचल्यावर ते पुढच्या लाकडाला लावलं. काच मोकळी ठेवली.

व्यंकटीनं दोन्ही वल्ही आणून होडीत टाकली. ती त्यानं चुलीत घातली नव्हती. वहिनींना पोत्यांना टेकवून बसवलं. मी काठावरूनच दोर सोडायला वाकलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, भाऊ, तुमी बी बसा, आकडा वाचायला. मला पोहता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी बसलो.

तीन वाजले होते. वारा समोरून होता. मोटारीचा आवाज भरलेला, एकसारखा, आणि त्या आवाजाचा मला पहिल्यांदा तिटकारा आला. बॅटरी माझ्या मांडीशी, दोन्ही हातांनी मी होडीची कड धरलेली. सदुसष्ट. त्रेसष्ट. व्यंकटी दांडा धरून बसला होता, पण त्याचा कान मोटारीकडं नव्हता. तो वहिनींच्या श्वासाला कान लावून बसला होता. श्वास जाड झाला की तो माझ्याकडं बघायचा, जणू त्याचाही आकडा माझ्याजवळ होता.

बाभळीच्या शेंड्याजवळ आलो. एका लाटेनं होडी हलली, मी कड आणखी घट्ट धरली. काचेवर एकोणपन्नास होता. मी तो पुटपुटलो.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. "मोठ्यानं बोला, भाऊ," त्या म्हणाल्या.

"एकोणपन्नास," मी ओरडलो. "अठ्ठेचाळीस."